दम छातीत, दुखणे गळ्यात



दरवर्षी ३ फेब्रुवारीला संत ब्लेझ यांच्या सणादिवशी मिस्सा आटोपली की आपण वेदीपुढे रांग लावतो. धर्मगुरू दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून आपल्या गळ्याशी लावतात आणि घशाच्या व इतर सर्व दुखण्यांपासून आपले रक्षण व्हावे अशी प्रार्थना करतात. संत ब्लेझ हे आर्मेनियातील सेबास्ते येथील बिशप. माशाचा काटा घशात अडकून गुदमरणाऱ्या एका मुलाला त्यांनी वाचविले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गळा आणि श्वास यांचे नाते त्या कथेतच आहे. तरीही कोणाला दम लागू लागला की आपण छातीकडे पाहतो, गळ्याकडे पाहत नाही. या पानावर आज आम्ही त्याविषयी लिहीत आहोत, आणि थोडे रागानेच लिहीत आहोत. त्या रागातला काही भाग आमच्या स्वतःवर आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी. वय पन्नाशीच्या आतले. काळ्या रानात कापूस वेचण्यात आणि शेंगा काढण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. दोनेक वर्षांपूर्वी त्यांना बांधावरून चालताना धाप लागू लागली. आधी भारा डोक्यावर घेतल्यावर, मग नुसती कळशी उचलल्यावर, पुढे पुढे चर्चच्या पायऱ्या चढतानाही. घरच्यांनी म्हटले, अंग वाढले आहे. शेजारणीने म्हटले, वयच तसे आहे. एके ठिकाणी दम्याचा फवारा मिळाला, त्याने काही फरक पडला नाही. क्षयाची शंका आली म्हणून थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, दोन्ही स्वच्छ. मग सर्वांचे एकमत झाले की बाईंना काही झालेले नाही, काम टाळायचे आहे. आम्हीही त्यांना एकदा मिस्सेनंतर सांगितले होते, "जरा चालत जा बाई, अंग हलके होईल." तो सल्ला आज आम्हांला बोचतो.

याच काळात त्यांचा आवाज बसला होता. गायकवृंदातून त्या आपण होऊनच बाजूला झाल्या. रब्बीच्या दिवसांत सर्वांना एक शाल पुरे असताना त्यांना दोन लागत. प्रवचनाच्या वेळी त्यांचा डोळा लागे आणि मागच्या बाकावरची मुले हसत. रात्री त्या इतक्या घोरू लागल्या की सून दुसऱ्या खोलीत निजू लागली. या साऱ्या गोष्टी सर्वांना दिसत होत्या, पण एका दोरीत कोणी ओवल्या नाहीत. शेवटी एका दवाखान्यात काम करणाऱ्या धर्मभगिनींनी त्यांचा हात हातात घेतला. तो गार व खरखरीत लागला. नाडी मंद होती. "थायरॉईडची तपासणी झाली आहे का?" असे त्यांनी विचारले. झाली नव्हती. रक्त तपासले, टी.एस.एच. फार वाढलेले निघाले. गोळी सुरू झाली. आठ-दहा आठवड्यांत धाप उतरू लागली आणि पुढच्या सुगीला बाई रानात होत्या. दोन वर्षे मात्र गेली ती गेली, आणि आळशी म्हणून जे ऐकून घ्यावे लागले तेही परत घेता येत नाही.

आता हे घडते कसे, ते पाहू.

थायरॉईड ग्रंथी (मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात) ही गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली, श्वासनळीला मिठी मारून बसलेली असते. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा, वजन साधारण वीस ग्रॅम. रक्तातले आयोडीन ओढून ती दोन रस तयार करते व रक्तात सोडते. हे रस शरीराच्या एकूण एक पेशीला कामाची गती सांगतात. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला जसा गती कमीजास्त करणारा खटका असतो, तसा हा शरीराचा खटका समजा. खटका खाली आला की इंजिन धुगधुगते, पाणी वर चढत नाही. खटका वर अडकला तर इंजिन धडधडते, तापते, आणि तेल मात्र दुप्पट खाते. दोन्ही वेळा शेजारचा माणूस म्हणतो, पाइपातच काहीतरी अडकले असेल. श्वासाचेही तसेच होते.

रस कमी पडला तर श्वासावर चार बाजूंनी घाला येतो. पहिला स्नायूंवर. आपण श्वास घेतो तो छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या बळावर; या पडद्याला श्वासपटल म्हणतात. रस कमी पडला की मांड्यांचे व दंडांचे स्नायू थकतात, तसे हे श्वासपटलही थकते. फुप्फुसे निरोगी असतात, पण भाता ओढणारा हात दुबळा झालेला असतो. म्हणूनच फोटो स्वच्छ येतो आणि फवाऱ्याने फरक पडत नाही. फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजण्याचे यंत्र असते, त्यावर आकडा कमी येतो आणि उपचारानंतर काही महिन्यांत बहुधा सुधारतो. दुसरा घाला मेंदूवर. रक्तात कार्बनवायू साठला किंवा प्राणवायू घटला की मेंदू श्वास वाढवण्याचा हुकूम देतो. रस फार कमी असेल तर तो हुकूमच मंद होतो. तिसरा, फुप्फुसांभोवतीच्या आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठू शकते. चौथा घाला रात्रीचा. जीभ आणि घशातील मऊ भाग सुजून जाड होतात, झोपेत वाट अरुंद होते, माणूस घोरतो, मधेच श्वास थांबतो, दचकून पुन्हा सुरू होतो. अशा माणसाची झोप रात्रभर पडूनही होत नाही, मग तो प्रवचनात पेंगतो. यात भर म्हणून रक्तक्षयही पुष्कळांना असतो. आमच्या त्या भगिनींच्या बाबतीत हे सारे समोर मांडलेलेच होते.

रस जास्त झाला तर चित्र उलटे दिसते, पण दम लागतोच. भूक चांगली असून वजन उतरते, हात कापतात, घाम सुटतो, उकाडा सोसत नाही, नाडी बसल्याजागी शंभराच्या वर धावते. शरीराला प्राणवायू जास्त लागतो आणि त्याच वेळी श्वासाचे स्नायू झिजलेले असतात. मागणी वाढली आणि पुरवठा करणारा खचला, असे होते. साठीपुढच्या माणसांत इतर लक्षणे लपून राहतात आणि नुसते धडधडणे व धाप एवढेच दिसते. नाडीचा ठेका बिघडून हृदय थकू शकते. ज्यांना आधीच दमा आहे त्यांचा दमा या काळात आवरता आवरत नाही. येथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. या विकारात धडधड कमी करण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल जातीच्या गोळ्या दिल्या जातात. त्या गुणकारी आहेत, पण दमेकऱ्याच्या श्वासनळ्या त्यांनी आवळल्या जाऊ शकतात. तेव्हा "मला दमा आहे" हे वाक्य डॉक्टरांना आपण होऊन, पहिल्याच भेटीत सांगावे. त्यांनी विचारले नाही म्हणून आपण गप्प बसू नये. शेजाऱ्याची उरलेली गोळी घेण्याची आपल्याकडे जी सवय आहे ती येथे जिवावर बेतू शकते.

तिसरा प्रकार डोळ्यांना दिसणारा, तो म्हणजे गलगंड. रस कमी, जास्त किंवा अगदी बरोबर असतानाही ग्रंथी वाढू शकते. आपले काही लोक गलगंड आणि गंडमाळ यांत घोटाळा करतात. गंडमाळ म्हणजे मानेच्या बाजूस माळेसारख्या येणाऱ्या गाठी. त्या बहुधा क्षयाच्या असतात. गलगंड समोर मध्यभागी असतो व घोट घेताना वर सरकतो. आरशासमोर उभे राहून, हनुवटी किंचित वर करून पाण्याचा एक घोट घ्यावा. कंठमण्याखाली काही फुगलेले वर-खाली होताना दिसले तर दाखवून घ्यावे. वाढलेली ग्रंथी श्वासनळी एका बाजूस सारते किंवा दोन्ही बाजूंनी चेपते. काहींची ग्रंथी बाहेर न वाढता छातीच्या हाडामागे खाली उतरते. गळा पाहून काहीच कळत नाही. अशा माणसाला उताणे निजले की गुदमरते, श्वास घेताना आवाज येतो. ही वाढ ओळखण्याची एक साधी खूण पेम्बर्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९४६ साली नोंदवली. दोन्ही हात कानाला लावून सरळ वर धरायचे. मिनिटभरात चेहरा लाल-निळा झाला, गच्च वाटू लागले, श्वास अडला, तर छातीच्या दाराशी काहीतरी दाटीवाटी आहे असे समजावे. आमच्या शेतकरी भगिनी हे रोजच करतात. दोन्ही हात वर करून भारा डोक्यावर चढवतात, आंब्याची फांदी ओढतात, दोरीवर कपडे टाकतात. "हात वर केले की जीव घाबरा होतो" असे कोणी म्हटले तर हसण्यावारी नेऊ नये. आणि गाठ झपाट्याने वाढत असेल, कडक लागत असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर पेरणी उरकण्याची वाट पाहू नये.

या रोगावर औषध सापडले त्याची हकीगत शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी ४६ वर्षांच्या एका आजारी बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्या सुधारल्या. पुढे तोच अर्क पोटात देऊ लागले आणि त्या बाई १९१९ पर्यंत, ७४ व्या वर्षापर्यंत जगल्या. त्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. नंतर अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी कित्येक टन ग्रंथी उकळून, गाळून त्यातला शुद्ध रस प्रथमच वेगळा केला. तो दिवस होता २५ डिसेंबर १९१४, म्हणजे ऐन नाताळ. नाताळच्या दिवशी प्रयोगशाळेत काम करणे योग्य की अयोग्य, यावर आमच्या फादरांशी आमचा एकदा वाद झाला होता. असो. आजची गोळी कारखान्यात बनते, मेंढीची गरज उरलेली नाही, आणि ती महागही नाही.

आता मिठाविषयी, कारण येथे आम्हांला आपल्या धर्मग्रामाशी भांडायचे आहे.

ग्रंथीला रस बनवायला आयोडीन लागते. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर स्त्रीला सुमारे २५०. सुईच्या टोकावर मावेल एवढेच, पण ते रोज हवे. पावसाने धुतलेल्या डोंगराळ जमिनीत ते राहत नाही, म्हणून त्या जमिनीच्या पिकांतही राहत नाही. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून साधे मीठ व आयोडीनयुक्त मीठ वेगवेगळ्या भागांत देऊन पाहिले. जेथे आयोडीनचे मीठ गेले तेथे गलगंड ओसरला. त्या कामाच्या आधारावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९९२ साली त्याचे नाव बदलून व्यापक करण्यात आले, आणि २००६ पासून माणसाच्या खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. आपल्या घरी येईतो मिठात दर दहा लाख भागांत निदान १५ भाग आयोडीन असावे असा नियम आहे.

पण नियमाला एक मागचे दार आहे. जनावरांसाठी, टिकवणीसाठी व कारखान्यांसाठी साधे मीठ विकता येते. बैलांसाठी म्हणून आणलेले जाड्या मिठाचे पोते गोठ्याच्या कोपऱ्यातून स्वयंपाकघराच्या बरणीत कधी येते, ते घरधन्याला कळतही नाही. शिवाय आपली कितीतरी नाती घाटाखाली आहेत. गोव्याला किंवा कुमट्याकडे लग्नाला गेले की येताना सणिकट्ट्याचे किंवा गोव्याच्या मिठागरांतले खडेमीठ आणायचे, ही जुनी रीत आहे. त्या मिठाने लोणचे छान टिकते, हे आम्हीही मानतो. मिठागरांत राबणारी माणसेही आपलीच आहेत. परंतु "समुद्राचे मीठ, म्हणजे त्यात आयोडीन असणारच" हा समज चुकीचा आहे. समुद्राच्या माशांत आयोडीन चांगले असते. वाळवलेल्या मिठात ते जवळजवळ नसते. अलीकडे शहरातून आलेले गुलाबी सैंधवही तसेच. लोणच्याला खडेमीठ वापरा, रोजच्या आमटी-भाकरीला आयोडीनचे वापरा. झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीच्या वाफेपासून दूर ठेवा, आणि भाजी उतरवताना घाला. रक्तदाब असलेल्यांनी मीठ कमीच खावे, पण जे खातील ते आयोडीनचे. आणि धर्मग्रामाच्या सणाच्या जेवणाला जे मोठे पातेले चढते त्यात कोणते मीठ पडते, हे एकदा आचाऱ्याला विचारावे. आम्ही विचारले. उत्तर ऐकून आम्ही गप्प बसलो नाही, आणि आमच्याविषयी थोडी कुरकुरही झाली.

तरीही मिठाने सारे रोग जातील असे आम्ही सांगत नाही. ज्या भागांत आयोडीनचे मीठ पोहोचले तेथे रस कमी पडण्याचे मोठे कारण वेगळेच आहे: शरीराचीच संरक्षक यंत्रणा चुकून ग्रंथीवर उलटते. हे स्त्रियांत पुष्कळ अधिक आढळते, घराण्यात चालते, आणि मिठाने बरे होत नाही. त्याला गोळीच लागते. अशांनी आपल्या मनाने आयोडीनची औषधे घेतली तर उलट बिघडू शकते.

गोळीबाबत आपल्या लोकांची एक अडचण आहे, ती इतरांना नसेल. ही गोळी पहाटे रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची व नंतर निदान अर्धा-पाऊण तास चहासुद्धा घ्यायचा नाही. आमच्या कित्येक वृद्ध भगिनी रविवारी सकाळच्या मिस्सेआधी ती घेत नाहीत. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा उपवास मोडेल अशी भीती. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेण्याची जुनी शिस्त त्यांच्या अंगात भिनलेली आहे. त्या शिस्तीविषयी आम्हांला आदर आहे. परंतु पोप बारावे पायस यांनी १९५३ सालीच पाणी उपवास मोडत नाही असे ठरवले. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी उपवास एका तासावर आणला. आणि १९८३ च्या धर्मसंहितेतील ९१९ वे कलम स्पष्ट सांगते की पाणी व औषध यांनी हा उपवास मोडत नाही. शिवाय आजारी व वृद्ध यांना तेथे आणखी सवलत आहे. गोळी घ्या, मिस्सेला या, आणि चहा घरी गेल्यावर घ्या. मिस्सा आणि गोळी यांची वेळ इतकी छान जुळणारा दुसरा धर्म नसेल, असे आम्ही गमतीने म्हणतो. प्रायश्चित्तकाळात इतर काही सोडा, गोळी सोडू नका. ती बंद केलेल्या वृद्ध व्यक्तीला थंडीत छातीचा जंतुसंसर्ग झाला, किंवा कोणी झोपेची गोळी दिली, तर ती गुंगीत जाऊ शकते, श्वास मंद होतो, अंग थंडगार पडते. ते झोपणे नव्हे. तसे दिसल्यास घरी वाट न पाहता मोठ्या इस्पितळात न्यावे.

लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या या गोळीपासून चार तास दूर ठेवाव्यात; आपल्या गरोदर स्त्रियांना या तिन्ही एकदम मिळतात आणि त्या तिन्ही एकदमच गिळतात. सोयाबीन आता आपल्या जिल्ह्यात गावोगाव होते, त्याचे पीठ भाकरीत घालण्याचा सल्लाही दिला जातो. सोया वाईट नाही. पण सकाळच्या गोळीच्या मागोमाग सोया पोटात गेले तर गोळी नीट शोषली जात नाही. गोळ्यांची बाटली कौलांखालच्या तापणाऱ्या फळीवर किंवा चुलीजवळ ठेवू नये. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे. हृदयाचा ठेका सुधारण्यासाठी अमियोडॅरोन ही गोळी ज्यांना चालू आहे त्यांनी विशेष लक्ष ठेवावे. तिच्यात आयोडीन भरपूर असते, ती थायरॉईड बिघडवू शकते आणि कधी कधी फुप्फुसेही.

फवारणीविषयी दोन शब्द. बटाटा, मिरची, टोमॅटो, द्राक्ष यांवर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आपण सर्रास मारतो. त्याच्यापासून तयार होणारे एक द्रव्य थायरॉईडच्या कामात अडथळा आणते. अमेरिकेत शेतकऱ्यांच्या पत्नींचा एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला; त्यात ही जात वापरणाऱ्या स्त्रियांत रस कमी पडण्याचे प्रमाण अधिक आढळले. एवढ्याने कारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण युरोपने २०२० च्या अखेरीस या औषधाची परवानगी पुढे चालू ठेवली नाही. आपल्याकडे धनी फवारतो, आणि फवाऱ्याने भिजलेला सदरा बायको हाताने धुते, द्रावण बादलीत कालवतेही तीच. निदान हातमोजे तिला मिळावेत.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर उद्या प्रत्येक जण थायरॉईडच्या चिठ्ठ्या घेऊन फिरेल. दम लागण्याची बहुतेक कारणे दुसरीच असतात. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर क्षयाची तपासणी आधी. चुलीचा धूर, बिडी, रक्तक्षय, हृदय, दमा ही सारी आहेतच. हुबळीच्या जिनिंगमध्ये काम केलेल्यांना रविवारच्या विश्रांतीनंतर सोमवारी छाती आवळल्यासारखी होते, तो कापसाच्या धुळीचा रोग. साठ-सत्तरीच्या माणसाचे टी.एस.एच. थोडेसे वाढलेले निघाले, त्रास काही नाही, तर लगेच गोळी लागतेच असे नाही. डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. आणि वजन उतरावे म्हणून ही गोळी घेणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. जास्त गोळीने नाडी बिघडते, हाडे ठिसूळ होतात. आमचे म्हणणे एवढेच की छातीचा फोटो स्वच्छ आला, फवाऱ्याने गुण आला नाही, तर "काही नाही" असे म्हणण्याआधी एकदा टी.एस.एच. पाहावे. दंडातले थोडे रक्त लागते, उपाशी राहावे लागत नाही. १९५७ पासून हुबळीत असलेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, ज्याला आपण अजून किम्स म्हणतो, किंवा कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते. धर्मग्रामाच्या आरोग्य शिबिरात साखर आणि रक्तदाब यांची टेबले मांडली जातात, तशी गळा पाहणाऱ्या एका परिचारिकेची खुर्ची मांडायला कितीसा खर्च येतो? संत ब्लेझ यांच्या सणादिवशीच मांडावी. मेणबत्तीच्या रांगेतून निघायचे व त्या खुर्चीपाशी थांबायचे.

पुरुषमंडळींना एक विनंती आहे. तपासणीला एक दिवस जातो, निकालाला दुसरा. सुगीत हे दोन दिवस घरच्या बाईला द्यायला आपण कुरकुरतो. बैल लंगडला तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे नेतो.

नव्या बाळाविषयीही लिहायला हवे. पोटातल्या बाळाची फुप्फुसे पक्व होण्यात या रसाचाही वाटा असतो. आपल्या देशात सुमारे हजार-बाराशे जन्मांमागे एक बाळ हा रस न बनवणारे किंवा फार कमी बनवणारे जन्मते. दिसायला ते नीटच असते. पुढे कावीळ रेंगाळते, रडणे घोगरे, जीभ मोठी, दूध ओढताना दमते, श्वास घुरघुरतो, शौचाला होत नाही, बेंबी फुगते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धी वाचते. उशीर झाला तर गेलेले भरून येत नाही. टाचेच्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी होते, पण ती सर्वत्र आपोआप होत नाही. प्रसूतीनंतर घरी सोडण्याआधी ती मागून घ्यावी. बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला फादरांकडे येता, तेव्हा ही तपासणी झाली का, एवढे त्यांनी विचारले तरी चालेल असे आम्ही फादरांना सुचवले आहे.

गोठ्यातही हाच नियम लागू आहे. शेळीला करडू झाले, अंगावर केस विरळ, गळ्याशी गाठ, श्वास जड, आणि दोन दिवसांत गेले, असे झाले की आपण दृष्ट लागली म्हणतो. गाभण शेळीला किंवा म्हशीला आयोडीन कमी पडल्याचे ते लक्षण असू शकते. साध्या मिठाऐवजी खनिज मिश्रण द्यावे. घेताना पुड्यावर आयोडीन लिहिलेले आहे ना, ते वाचून घ्यावे. किती द्यायचे ते जनावराच्या वजनावर व दुधावर ठरते, तेव्हा पशुवैद्यांना किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात विचारावे.

त्या भगिनी परवा भेटल्या. गायकवृंदात परत आल्या आहेत, फक्त वरचा सूर आता लागत नाही म्हणतात. आम्ही त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही चालायला सांगितलं होतं ना, आता चालतेय बघा," आणि बाजाराची पिशवी आमच्या हाती देऊन पुढे निघाल्या.